आढीतला ब-सात

सदाशिवरावांनी तणसात हात घालून थर्मामीटर बाहेर काढला, कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि उजेडाकडे धरून आकडा वाचला. कोठीच्या खोलीच्या दारात मंदाबाई पदरानं घाम पुसत उभ्या होत्या.

"आंब्याइले ताप आला का?" त्यांनी विचारलं.

"अडतीस आहे."

"मंग गोळी देता का मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवता?"

सदाशिवरावांनी थर्मामीटर पुन्हा तणसात खोचला. वर्ध्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात त्यांनी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं होतं, आणि असल्या प्रश्नांना उत्तर दिलं की वर्ग हातचा जातो हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं. निवृत्त होऊन बोरगाव मेघेत घर बांधल्यापासून वर्ग तेवढा लहान झाला होता. एक बायको आणि एक मुलगा अंकित, आणि दोघंही मागच्या बाकावरचे.

त्यांचा 'अभिक्रियेचा वेग' हा धडा मात्र नावाजलेला होता. उष्णता वाढली की वेग वाढतो, पदार्थ दाटीनं कोंडून ठेवला की वेग वाढतो, तो चिरून बारीक केला तरी वाढतो, आणि त्यात उत्प्रेरक पडला तर मग विचारायलाच नको. एवढं फळ्यावर लिहून झालं की ते हात झटकत आणि म्हणत, "आता सांगा, मे महिन्यात आपल्याकडे दूध काऊन लवकर नासते?" पोरं एका सुरात सांगत. हा धडा त्यांनी हजारोंना शिकवला, पण स्वतःच्या घरी वापरून पाहायची वेळ कधी आली नव्हती. ती आता आली होती.

त्याचं मूळ फेब्रुवारीत होतं. आचलचं, म्हणजे त्यांच्या मुलीचं, वडनेरच्या धनंजयशी लग्न झालं. पंगतीत आमरस होता. फेब्रुवारीत झाडावर मोहोर असतो, रस नसतो, तेव्हा तो जिथून यायचा तिथूनच आला होता. आचलचे सासरे पुंडलिकराव शेतकरी माणूस, बोलायला मोजके. त्यांनी वाटी तोंडाला लावली, खाली ठेवली आणि शेजारी बसलेल्या सदाशिवरावांना हळूच म्हणाले, "डब्यातला वाटते, सर."

एवढंच. आवाजात टोमणा नव्हता की तक्रार नव्हती. पण मुलीच्या लग्नात कशाला कमी पडू नये म्हणून सदाशिवरावांनी जिवाचं रान केलं होतं, आणि व्याह्यांच्या जिभेवर शेवटी राहिला तो डबा. ते वाक्य त्यांच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं. मार्च गेला, एप्रिल लागला, तरी निघेना. शेवटी एक दिवस त्यांनी आपणहून वडनेरला फोन लावला.

"याहीबुवा, अखाजीले तुमी अन् जावईबापू आमच्या घरी. हिंगणीच्या वावरातल्या आमच्या झाडाचा रस खाऊ घालतो. डबा नाई, पिकवायची पावडर नाई. आढीतला."

"अखाजीले?" पलीकडून पुंडलिकराव म्हणाले. "इतक्या लवकर पिकन का, सर? आमच्या झाडाले तर अजून कैऱ्याच आहेत."

"पिकन. ते माह्यावर सोडा."

बोलून बसले आणि मग कॅलेंडर पाहिलं. अखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, यंदा लवकर होती. हिंगणीचं झाड त्यांच्या वडिलांनी लावलेलं. त्याचा आंबा खोबऱ्यासारखा घट्ट लागतो म्हणून वडील त्याला खोबऱ्या म्हणत, आणि हा खोबऱ्या जातीचाच आळशी. मे अर्धा सरल्याशिवाय तो अंगाला पिवळेपणा लावून घेत नसे. अंकितनं जाऊन आंबे उतरवून आणले तेव्हा ते इतके टणक होते की पोतं हातातून सुटलं आणि ओसरीच्या फरशीचा कोपरा गेला. आंब्यांना काही झालं नाही.

म्हणून मग धडा कामाला लागला. आढी सदाशिवरावांनी माजघरात लावली नाही, टिनाच्या छपराखालच्या कोठीत लावली. हा झाला उष्णतेचा मुद्दा. पिकताना फळातून जो वायू निघतो तो बाहेर जाऊ नये म्हणून वरून पोती दाबून बसवली, हा कोंडण्याचा. आणि तणसाच्या थरांमध्ये पिकलेली केळी ठेवली, कारण पिकलेलं फळ कच्च्याला पिकवतं. केळ्याला उत्प्रेरक म्हणणं शास्त्राला धरून नाही हे त्यांना कळत होतं, पण मंदाबाईंना समजावण्यापुरतं ते चालण्यासारखं होतं. शिवाय कुठला आंबा कसा पिकतो याचा अभ्यास करता यावा म्हणून निळ्या मार्करनं त्यांनी एकेका आंब्यावर क्रमांक घातला होता. वरचा थर अ, मधला ब, खालचा क.

"माह्या माहेरी आढी घातली का कोणी तिकडे ढुंकून पाहे नाई," मंदाबाई म्हणाल्या. "वास आला का काढत."

"तुमच्या माहेरी याही येणार नव्हते."

"आणि पित्राइचं काय? त्याइच्यासाठी तरी नीट पिकू द्या."

हा मुद्दा मात्र खरा होता. अखाजीला पाण्याची घागर पूजून पितरांना रसाचा नैवेद्य दाखवल्याशिवाय भोयरांच्या घरात पिकल्या आंब्याला कोणी तोंड लावत नसे. लग्न होऊन आल्यापासून मंदाबाईंनी हा नेम एकदाही मोडला नव्हता. सासरे गेल्यापासून तर नाहीच नाही. झाड लावणारा तो माणूस, त्याला पहिली वाटी त्याच्याच झाडाची गेली पाहिजे, असा त्यांचा साधा हिशेब होता. सासऱ्यांनी त्यांना लेकीसारखं वागवलं होतं आणि त्या ते विसरल्या नव्हत्या.

असे दिवस गेले. सदाशिवराव सकाळ-संध्याकाळ ताप मोजत राहिले. आंबे हिरवेच होते. मध्ये दोन दिवस आभाळ आलं, पारा उतरला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. जेवताना ते मध्येच उठून कोठीत जाऊन येत. मंदाबाई त्यांच्याकडे पाहत, अंकित मंदाबाईंकडे पाहत असे. मग आभाळ निवळलं, ऊन पुन्हा तापलं, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायला लागलं.

गुरुवारी सकाळी दूधवाला फाटकाशीच थांबला. "सर, खोबऱ्या पिकला वाटते. पार चौकापर्यंत वास येऊन राह्यला."

सदाशिवराव पायांत चपला न घालताच कोठीकडे धावले. पोती उचलली तर आतून वाफ आल्यासारखा सुगंध तोंडावर आला. अ पिवळा होता. ब पिवळा होता. क, ज्याला सगळ्यात जास्त वेळ लागायला हवा होता, तो तर नारिंगी होऊन लाजत होता. एक आंबा तयार आणि बाकीचे वाटेवर असा प्रकारच नव्हता. सगळेच्या सगळे, एकदम. आणि अखाजी रविवारी होती.

"हे शक्य नाई," ते म्हणाले. "माह्या हिशेबानं शनिवार."

त्यांनी तणस उपसलं. कोपऱ्यात केळी सापडली, काळी पडलेली. ती त्यांचीच होती. दुसऱ्या कोपऱ्यात एक अख्खी पिकलेली पपई सापडली. ती त्यांची नव्हती. आणि मधल्या थरात कागदाच्या चपट्या पुड्या सापडल्या, फळबाजारात पिकवायला वापरतात त्या.

"पपई कोणी ठेवली?"

मंदाबाईंनी पदर सारखा केला. "माही माय ठेवे. तुमचा चेहरा पाहवत नव्हता मले. वाटलं, तुमच्या केळ्याइले थोडा आधार."

"आणि ह्या पुड्या?"

अंकित भिंतीकडे पाहत म्हणाला, "बाजारातल्या दोस्तानं देल्ल्या. पावडर नाई बाबा, हे चालते म्हणे. मले वाटलं तुमचा शब्द जाईन आचलच्या सासऱ्यासमोर. अन् तुमी चिडसान म्हणून सांगतलं नाई."

सदाशिवरावांना रागवायचं होतं, पण रागवायला जागा नव्हती. दोघांनी जे केलं ते त्यांच्यासाठीच केलं होतं, आणि तेही त्यांच्याच धड्याप्रमाणे. त्यांचा एकेक मुद्दा घरात बरोबर उतरला होता, फक्त तिघांनी तीनदा उतरवला होता. आयुष्यात पहिल्यांदा मागच्या बाकानं धडा मन लावून गिरवला आणि तो असा. त्यांना भरून आलं, आणि वैतागही आला.

"खाऊन तरी टाकू यातले थोडे," अंकित म्हणाला.

"खबरदार," मंदाबाई म्हणाल्या. "अखाजीआधी नाई."

म्हणजे घरात पोतंभर पिकलेले आंबे, खायला तीन तोंडं, आणि खायची मुभा नाही. आता वेग वाढवायचा नव्हता, थांबवायचा होता. त्या धड्यात थांबवण्यासाठी अर्धीच ओळ होती: तापमान कमी करा. घरच्या फ्रिजमध्ये अ थर कसाबसा बसला, त्यासाठी मंदाबाईंचं दही, भाजी आणि लोणच्याची बरणी बाहेर आली. क थर शेजारच्या छायाबाईंकडे गेला. ब थर गल्लीच्या तोंडाशी असलेल्या विक्कीच्या दुकानात, थंड पेयांच्या काचेच्या फ्रिजमध्ये. गल्लीतही अखाजीआधी आंबा कोणी खात नव्हतं, त्यामुळे आंब्यांना कुलपाची गरज नव्हती.

शुक्रवारी आचल माहेरपणाला आली. फ्रिज उघडून पाणी घ्यायला गेली तर अ-अकरा तिच्या पायावर पडला.

"बाबा, हे काय आहे?"

"साठवण."

"तुम्ही मामाजीले फोनवर 'डबा नाई' असं काऊन म्हटलं?" आचल आंबा उचलून म्हणाली. "ते गावभर सांगून राह्यले, सर अखाजीले आढीचा रस खाऊ घालणार म्हणून. कोणी म्हणे, एवढ्या लवकर पिकतच नाई. तर म्हणे, सरांनी सांगतलं म्हणजे पिकन. आता नाई पिकला असता तर मी तिकडे तोंड कसं दाखवलं असतं?"

"पिकला ना पण."

"हो, तो तर पिकला," आचल म्हणाली आणि आंबा पुन्हा आत कोंबायला लागली. सदाशिवरावांनी फ्रिजचं दार दोनदा दाबून पाहिलं. पुंडलिकराव सरांच्या शब्दावर गावात पैज घेतल्यासारखे बोलत होते, हे त्यांना माहीतच नव्हतं.

शनिवारी दुपारी ऊन असं काही तापलं की चिमण्या कूलरच्या टाकीशी येऊन बसल्या. प्रत्येक घरात कूलर, प्रत्येक घरात फ्रिज. कोपऱ्यावरची विजेची डीपी बिचारी किती सोसणार. एक मोठा आवाज झाला, धूर निघाला आणि सबंध गल्लीची लाइन गेली. दुरुस्तीला माणसं आली, पाहून गेली, सामान उद्या येईल म्हणाली. सदाशिवरावांनी घरातल्यांना फ्रिजचं दार उघडायची बंदी केली. पण घरात उन्हाळा होता आणि फ्रिजमध्ये पाण्याच्या बाटल्या होत्या. बंदी नैवेद्याइतकी कडक नव्हती.

रविवारी सकाळी छायाबाई स्टीलचं मोठं पातेलं घेऊन आल्या. चेहरा पडलेला होता.

"सर, रागवू नका. माह्या दुधाले आंब्याचा वास येऊन राह्यला होता, आमचे हे चहा पिईनात. म्हणून शुक्रवारीच मी आंबे पिळून रस करून ठेवला. जागाही कमी लागते, अन् तुमचं कामही हलकं होते."

"पिळून?" सदाशिवराव म्हणाले. त्यांच्या डोळ्यांसमोर फळा आला. चिरून बारीक केला तर.

"झाकण लावून ठेवला होता. पण रात्री पाह्यलं तर झाकण आपोआप वर उठून राह्यलं."

त्यांनी झाकण काढलं. रसावर पांढरा फेस होता आणि तो हळूहळू बुडबुडत होता. वास घेतल्यावर त्यांनी आधी रस्त्याकडे पाहिलं आणि मग आवाज खाली आणला. "छायाबाई, आपला जिल्हा दारूबंदीचा आहे. हे लवकर ओतून द्या."

छायाबाई पातेलं पदराखाली झाकून घेऊन गेल्या. घरचा अ थर बाहेर काढला तर तो काळा आणि पिचपिचीत झाला होता, बोट लावलं की आत जात होतं. आंबटसर वास सुटला होता. अंकितनं ते सगळे मागच्या अंगणात बादलीत नेऊन टाकले. मंदाबाईंनी घागर धुऊन पाटावर ठेवली होती, शेजारी सासऱ्यांचा फोटो पुसून मांडला होता, आणि त्या दोन्हींकडे पाहत बसल्या होत्या.

"ब आहे," सदाशिवराव एकदम म्हणाले. "विक्कीकडे बर्फाची लादी असते. लाइन गेली का तो फ्रिजात लादी टाकतो. ब वाचला असन. अंकित, पळ."

अंकित पळाला आणि थोड्याच वेळात चालत परत आला. चालणं पाहूनच सदाशिवरावांना कळलं.

"विकले," अंकित म्हणाला.

"कोणी?"

"विक्कीनं. छायाकाकूनं त्याले सांगतलं, सरांचे आंबे सडले, सारे फेकून राह्यले. त्याले वाटलं आता आपल्याले नकोच. आत्ताच कोणी गाडीवाले थंडा प्यायले थांबले, काचेतून आंबे पाह्यले अन् जे दोन टिकले होते ते घेऊन गेले. ह्या पिशवीत पाहा, त्यानं बदल्यात काय देल्लं ते. लई वाईट वाटून राह्यलं त्याले."

पिशवीत आमरसाचे दोन डबे होते. वर कापलेल्या हापूसचं चित्र होतं, टपोरं आणि आनंदी.

सदाशिवराव खुर्चीत बसले. ज्या एका गोष्टीपासून ते फेब्रुवारीपासून पळत होते ती चालत त्यांच्या घरी आली होती. आचल आतून पुऱ्या तळायचं सोडून आली, डबे पाहिले आणि तिनं पदर तोंडाशी धरला. ती हसते की रडते ते त्यांना कळेना. त्यांना स्वतःला मात्र रडू येण्यासारखं झालं होतं.

"विलायची टाका," ते शेवटी म्हणाले. "अन् तूप. बम तूप, हात आखडू नका."

"पाहुण्याइले डबा चालन," मंदाबाई म्हणाल्या. आवाज शांत होता, पण डोळे भरले होते. "पण फोटोतल्या मामाजीले कसा दाखवू? त्याइच्या झाडाखाली मी पहिल्यांदा बसली होती लग्न होऊन हिंगणीले आल्यावर. त्याइले मी कारखान्याचा रस कसा दाखवू?"

विचार करायला वेळ नव्हता, कारण फाटकाशी गाडी थांबली.

पुंडलिकराव पांढऱ्या टोपीत आणि धुतलेल्या धोतरात उतरले. मागून धनंजय उतरला. त्याच्या हातात पिशवी होती आणि तो ती दोन बोटांनी धरून होता, जणू ती दुसऱ्या कोणाची आहे.

"या, या, याहीबुवा," सदाशिवराव म्हणाले. "लाइन गेली आहे, जरा गरम होईन."

"गरमीचं काय सर, वर्ध्याले येऊन थंडी कोण मागते." पुंडलिकरावांनी मुलाच्या हातून पिशवी घेतली आणि मंदाबाईंपुढे धरली. "घ्या. रिकाम्या हातानं येणं बरं दिसत नाई. आमच्या वडनेरच्या झाडाचे आहेत. चार दिवसांखाली पाह्यलं, दोन-चार लवकरच पिकले होते."

धनंजय फरशीकडे पाहत होता. फरशीचा एक कोपरा तुटलेला होता, तो त्यानं नीट निरखून पाहिला.

मंदाबाईंनी पिशवीत हात घातला आणि वरचा आंबा काढला. घट्ट, शेंदरी, खोबऱ्या आंब्यासारखा लांबट. पोटावर निळ्या शाईत, शिक्षकी वळणाच्या अक्षरात लिहिलं होतं: ब-सात.

आचलनं आंब्याकडे पाहिलं, मग बापाकडे. ते अक्षर तिनं पहिलीपासून स्वतःच्या वह्यांवर पाहिलं होतं. सदाशिवरावांच्या ओठांवर एक वाक्य आलं, फेब्रुवारीच्या वाक्याला अगदी शोभणारं. ते बोलले असते तर हिशेब तिथल्या तिथे मिटला असता. पण त्यांच्या मागे स्वयंपाकघरात दोन डबे उघडे पडले होते, आणि पुढे त्यांची बायको उभी होती.

मंदाबाईंनी अंगठा अलगद शाईवर ठेवला. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलंही नाही. "लई चांगलं केलं याहीबुवा," त्या म्हणाल्या. "पाहुण्याच्या घरचा आंबा, तर आज आमच्या पित्राइले तुमचाच दाखवतो."

त्यांनी पिशवीतले दोन्ही आंबे धुतले. शाई निघेना, म्हणून साल पहिल्यांदा तिथलीच काढली. वाटीभर रस झाला. घागरीला फूल वाहिलं, फोटोसमोर वाटी ठेवली आणि त्या जरा जास्त वेळ हात जोडून उभ्या राहिल्या. सदाशिवरावही उभे राहिले. वडील फोटोतून नेहमीसारखेच पाहत होते, पण आज जरा समाधानी वाटले.

"हातपाय धुऊन येतो," पुंडलिकराव म्हणाले आणि कोणी अडवायच्या आत मागच्या अंगणाकडे निघाले. सदाशिवरावांना बादली आठवली. ते टॉवेल घेऊन मागे धावले, पण उशीर झाला होता.

पुंडलिकराव नळाशी उभे होते. नळाखाली बादली होती. बादलीत काळे पडलेले आंबे होते आणि वरच्या आंब्यावर निळ्या शाईत अ-चार लिहिलेलं होतं. बादलीशेजारी दोन रिकामे डबे, अंकितनं लपवायच्या घाईत उघड्यावरच ठेवलेले. पुंडलिकरावांनी आंब्याकडे पाहिलं, डब्यांकडे पाहिलं, मग पुन्हा आंब्याकडे. तोटी फिरवून हात धुतले. पायांवर पाणी घेतलं. टॉवेल घेऊन एकेक बोट पुसलं.

"पोराइले नंबर देत होते, तसे आंब्याइले बी देता का, सर?"

"सवय आहे," सदाशिवराव म्हणाले.

"हं." पुंडलिकरावांनी टॉवेलची घडी केली. "गावात लई सांगून बसलो होतो. अन् माह्या झाडाच्या कैऱ्या काही पिकेनात. मोकळ्या हातानं कसं यावं, समजेना." जरा थांबून ते म्हणाले, "मी नंबर पाह्यला नाई. तुमी डबा फोडला नाई."

"बरं," सदाशिवराव म्हणाले. त्यांच्या छातीवरचा दगड उतरला, आणि त्याच वेळी त्यांना वाटलं, आपली लेक चांगल्या घरात पडली.

पंगत बसली. पहिली वाटी पुंडलिकरावांपुढे आली. आचल पुरीचं ताट हातात धरून थांबली. मंदाबाई दारात थांबल्या. पुंडलिकरावांनी वाटी तोंडाला लावली, घोट घेतला, वाटी खाली ठेवली, अगदी फेब्रुवारीत ठेवली होती तशीच.

"सर," ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "असा रस डब्यात भेटत नाई."

"तुमच्या आंब्यालेही वडनेरच्या मातीची चव आहे," सदाशिवराव म्हणाले.

तेवढ्यात लाइन आली. कूलर घरघरला, गार वारा सुटला आणि सगळे जेवायला लागले. धनंजयनं दोनदा वाटी मागितली, पुंडलिकरावांनी तीनदा. डबा संपत आला तेव्हा मंदाबाईंनी आणखी तूप सोडलं. फोटोसमोरच्या वाटीला कोणी हात लावला नाही. त्या दिवशी त्या घरात झाडाचा रस एकट्या वडिलांनाच मिळाला.